धरणावरच्या जेवणाला काय नेसायचं

कार्ड इंग्रजीत छापलेलं होतं. नवऱ्याने ते ऑफिसातून आणलं आणि मी पोळ्या लाटत होते तिथे, ओट्यावर, पिठापासून जरा लांब ठेवलं. सातपूरच्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता, तिथे अधिकाऱ्यांसाठी दरवर्षी थंडीत धरणाच्या काठी जेवण असायचं. आधी लाँचमधून पाण्यावर फेरफटका, मग काठावरच्या बंगल्याच्या हिरवळीवर जेवण. तो सुपरवायझर होता तोवर आम्ही या जेवणाबद्दल फक्त ऐकत होतो. त्या वर्षी तो असिस्टंट इंजिनियर झाला आणि कार्ड आमच्याही घरी आलं.

खाली बारीक अक्षरात दोन सूचना होत्या. मुलांना आणू नये, ही एक. आणि दुसरी, पोशाख इनफॉर्मल.

"इनफॉर्मल म्हणजे?" मी विचारलं. मी पालिकेच्या शाळेत शिकवत होते, शब्दाचा अर्थ मला येत होता. पण तो त्यांच्या तोंडी काय असतो, ते मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे साधा. घरच्यासारखा."

"मग छापायचं कशाला? घरच्यासारखे कपडे तर सगळ्यांकडे असतात."

त्याने कार्ड पुन्हा उचलून पाहिलं. "म्हणजे अगदी घरच्यासारखा नाही," तो म्हणाला.

तो पुढचे आठ-पंधरा दिवस याच एका गोष्टीवर घालवणार आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, साधं कसं दिसायचं हे ज्यांना लहानपणापासून माहीत असतं त्यांच्यासाठीच तो शब्द छापलेला होता. आमच्यासारख्यांनी साधं नेसलं तर ते गरिबीचं दिसतं आणि भारी नेसलं तर ते उसनं आणल्यासारखं दिसतं.

माझं माहेर एकलहऱ्याचं. वडील वीज केंद्रात राख उपसायच्या कामावर होते. आमच्या वस्तीत दोरीवर वाळत घातलेलं कापड पांढरं राहायचं नाही. वाऱ्याची दिशा बदलली की आई धावत बाहेर जायची आणि धुणं काढून आणायची. तरीही तिच्या पेटीत दोन पांढरी लुगडी कायम असायची, जुन्या धोतरात गुंडाळलेली. ती बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला निघायची. त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत रांगेने विहाराकडे जायच्या, आणि मागे चिमण्या धूर सोडत असायच्या. मला नोकरी लागल्यावर आईने मलाही एक पांढरी साडी घेऊन दिली. अंगाला मऊ, बारीक निळ्या काठाची. माझ्याकडे तिच्याइतकी चांगली साडी नव्हती.

म्हणून मी म्हटलं, "मी ती पांढरी नेसते."

"ती नको."

"का?"

"पांढरी आहे."

"पांढरी आहे म्हणूनच तर चांगली दिसते."

"लोक विचारतात," तो म्हणाला.

"काय विचारतात?"

काय विचारतात, ते मला ठाऊक होतं. लग्नाआधीच त्याने आपलं जुनं आडनाव सोडून गावाच्या नावापुढे 'कर' लावलं होतं. कोणी मूळचे कुठले म्हणून विचारलं की तो "नगरकडचे" म्हणायचा आणि विषय बदलायचा. आमच्या घरात समोरच्या खोलीत एकही तसबीर नव्हती. होती ती आतल्या कपाटात, कपड्यांच्या मागे. हे सगळं त्याने मला लग्नानंतर हळूहळू सांगितलं. कारखान्याच्या कॉलनीत राहायचं तर हे करावं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. शिकत असताना भाड्याच्या खोलीतून त्याला दोनदा बाहेर काढलं होतं, दोन्ही वेळा आडनाव कळल्यावर. दुसऱ्या वेळी त्याची ट्रंक पावसात अंगणात ठेवलेली होती. त्यामुळे मी या गोष्टीवर त्याच्याशी फार भांडले नाही.

आमच्या समोरच्या दारात अकाउंट्समधल्या एका अधिकाऱ्याचं कुटुंब राहायचं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. बाई बोलकी आणि मदतीला तत्पर. तिचं विरजण संपलं की ती माझ्याकडून न्यायची, माझं संपलं की मी तिच्याकडून आणायचे. तिची मुलगी आणि माझी मुलगी दिवसभर एकमेकींच्या घरात असायच्या. नवऱ्याने सांगितलं, "वहिनींना विचार, त्या दरवर्षी जातात."

मी विचारलं. वहिनींनी अगदी मनापासून सांगितलं.

"जरीचं काही नको हं. लग्नाला आल्यासारखं दिसतं. शिफॉन बरी, फिक्या रंगाची. गळ्यात मोत्यांचा एखादा सर, बस. आणि केसांत गजरा नको. तिकडे कोणी घालत नाही."

"आणि सुती?"

"सुती चालते की. पण ती नेसायला एक... कसं सांगू, सवय लागते," ती म्हणाली आणि हसली.

मग नवऱ्याने मेन रोडवरून फिक्या गुलाबी रंगाची शिफॉन आणली आणि खोट्या मोत्यांचा सर आणला. स्वतःसाठी बिस्किटी रंगाचं सफारीचं कापड घेतलं. आम्ही दोघं भद्रकालीत आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. ते म्हातारे मियाँ माझे ब्लाउज माझ्या लग्नापासून शिवायचे. त्यांनी माप घ्यायची टेप गळ्यातून काढली आणि विचारलं, "बाह्या किती?"

"बिनबाह्यांचा," नवरा म्हणाला.

मियाँनी टेप तशीच हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही सांगा."

"कोपरापर्यंत," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत नवरा एक शब्द बोलला नाही. मला तेव्हा आपण काहीतरी जिंकलं असं वाटलं होतं.

मुलीला सांभाळायला आई एकलहऱ्याहून आली. मी तयार होऊन बाहेर आले तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दिसतीस चांगली," ती म्हणाली. "पण गार लागंल. पाण्यावर वारा असतो." मग विचारलं, "जेवण कुठं हाय म्हनालीस?"

"धरणावरच्या बंगल्यात."

"बंगल्यात व्हय," आई म्हणाली आणि नातीच्या वेण्या घालायला बसली. नातीच्या वेण्या सकाळीच घातलेल्या होत्या.

कंपनीच्या बसने आम्ही ऊन उतरताना धरणावर पोचलो. लाँच काठाला लागलेली होती. पुरुष पुढच्या बाजूला उभे राहिले, आम्ही बायका मागच्या बाकांवर बसलो. वारा खरोखरच बोचरा होता, आणि माझा पदर धरून धरून माझे हात दुखायला लागले. शिफॉन ही साडी नसून एक काम आहे, हे मला तिथे कळलं. बाकीच्या बायकांचे पदरही उडत होते, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मॅनेजरसाहेबांच्या पत्नी सगळ्यांत शेवटी आल्या. सगळ्या बायका त्यांना मॅडम म्हणत. त्यांच्याकडे पाहून मी पदर धरायचं विसरले. त्या पांढरी साडी नेसून आल्या होत्या. हातमागाची, बारीक काठाची, माझ्या पेटीत ठेवलेल्या साडीची सख्खी बहीण शोभेल अशी. गळ्यात काही नाही, हातात एक घड्याळ. सगळ्या बायका त्या साडीचं कौतुक करायला लागल्या. किती छान, किती साधी, किती ग्रेसफुल. पांढरी का नेसली, असं त्यांना कोणी विचारलं नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लाँचच्या कठड्याला टेकून उभा होता. त्यानेही ती साडी पाहिली होती. त्याने लगेच पाण्याकडे तोंड केलं.

मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या बोलायला चांगल्या होत्या. "तुम्ही शिकवता ना? किती छान. मला फार आदर आहे शिक्षकांबद्दल." मुलगी केवढी आहे, कॉलनी आवडली का, असं बरंच विचारलं. मी उत्तरं दिली. वहिनी समोरून माझ्याकडे पाहून मान हलवत होती, बरं चाललंय अशा अर्थाने.

बंगल्याच्या हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. झाडांना दिवे लावले होते. पुरुषांच्या हातात पेले आले. एका बाजूला लांब टेबलावर काचेच्या ताटल्यांची चळत होती. आम्ही बायका अर्धगोल करून बसलो आणि त्यात मला मॅडमपासून तिसरी खुर्ची मिळाली. नवरा चार माणसांत उभा होता आणि हसत होता. त्याला असं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. मला बरं वाटलं. साडीचं काय, एक दिवस हातात धरून बसू, असंही वाटलं.

तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचा ट्रे घेऊन आली. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, नजर खाली. ती एकेकीसमोर वाकत माझ्यापर्यंत आली आणि मी पाहिलं, ती माझी मावशी होती.

आईची चुलत बहीण. धाकटा भाऊ झाला तेव्हा आई बरीच आजारी होती, तेव्हा मला हिने सांभाळलं होतं. तिच्याच पाठीवर बसून मी पहिल्यांदा गोदावरी पाहिली. माझ्या लग्नात हळद लावायला तीच पुढे होती आणि नवऱ्याच्या कानामागेही तिने हळद फासली होती. तिचा नवरा गेल्यावर ती धरणाकडे कुठेतरी कामाला लागली, एवढं मला कानावर आलेलं होतं.

तिने मला ओळखलं. तिच्या हातातले पेले किणकिणले, त्यावरून मला कळलं. मग ती म्हणाली, "पानी घ्या, बाई."

"मावशी," मी म्हटलं.

"पानी घ्या," ती पुन्हा म्हणाली, आणखी खालच्या आवाजात, आणि ट्रे माझ्यापुढे जरा जास्तच सरकवला. ती मला वाचवत होती. तिला वाटलं, मी ओळख दाखवली तर माझंच नुकसान होईल, म्हणून माझ्या वतीने तिनेच मला अनोळखी करून टाकलं होतं. ते मला सहन झालं नाही. मी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, खुर्चीवर ठेवला आणि वाकून तिच्या पाया पडले.

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

"ओळखीच्या आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"माझी मावशी आहे. आईची बहीण."

"हो का?" त्या म्हणाल्या. "अरे वा." मग माझ्याकडून मावशीकडे बघत, "फार चांगल्या आहेत हो. आम्ही येतो तेव्हा बघते ना मी. कामाला अगदी स्वच्छ."

स्वच्छ. हा शब्द त्यांनी कौतुकाने वापरला. मावशी खाली बघत राहिली. वहिनी हातात पेला घेऊन माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की ती मागचा हिशेब लावते आहे. माझं विरजण, तिची मुलगी माझ्या ताटात जेवलेली, आम्ही नगरकडचे.

नवरा हाकेच्या अंतरावर होता. त्याने सगळं ऐकलं. तो पुढे आला असता तर काय झालं असतं, असा विचार मी पुढे कितीतरी वर्षं केला. तो आला नाही. तो शेजारच्या माणसाला कुठल्यातरी यंत्राबद्दल हातवारे करून सांगत होता, आणि त्याची पाठ माझ्याकडे होती.

मग मॅडम उठल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही असं करा ना," त्या म्हणाल्या, "आत बसा दोघी निवांत. किती दिवसांनी भेटला असाल. इथे काय, सगळं इनफॉर्मलच आहे. तुमचं ताट मी आत पाठवते."

त्यांचा आवाज गोड होता. त्यांच्या मनात काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांना ते खरंच माझ्या सोयीचं वाटलं असेल. पण पाठीवरचा तो हात मला स्वयंपाकघराच्या दिशेने वळवत होता, आणि मी वळले. तिथे उभं राहून नाही म्हणायला काहीतरी वेगळं बळ लागतं. माझं सगळं बळ वाकण्यात संपलं होतं.

स्वयंपाकघर बंगल्याच्या मागे होतं. मावशीने पदराने एक स्टूल पुसलं.

"कशाला बोललीस?" ती म्हणाली. "लय शानी झालीस."

"तू मला बाई म्हणालीस."

"मग काय म्हनू? नवरा सायब झालाय तुझा."

माझं ताट आलं. बाहेर काचेच्या ताटल्या होत्या, आत आलं ते स्टीलचं ताट. पुलाव, पनीरची भाजी, पुऱ्या, सगळं नीट वाढलेलं. मी मावशीला म्हटलं, तूही बस. ती म्हणाली, तिचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर. मी ताट बाजूला सारलं तर तिने ते पुन्हा पुढे केलं.

"खा. टाकू नको. मलाच घासायचं हाय ते."

मग तिने माझ्या साडीचा काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला. "हे काय नेसलीस? आरपार दिसतंय सगळं."

"साधी आहे, मावशी. साधीच नेसायला सांगितली होती."

"ही साधी?" ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसली. मीही हसले. त्या संध्याकाळी मी हसले ते तेवढंच.

मला बोलवायला कोणी आलं नाही. थोड्या वेळाने एक माणूस आइसक्रीमसुद्धा आत देऊन गेला. बस सुटायची वेळ झाली तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तो ऐकून मी बाहेर आले. नवरा आपल्या जागेवर खिडकीशी बसलेला होता. मी त्याच्या शेजारी बसले. जाताना बसमध्ये वहिनी सारखी मागे वळून माझ्याशी बोलत होती. येताना तिची मान दुखत असावी.

आई आणि मुलगी आत झोपल्या होत्या. दाराच्या लॅचला किल्ली लावताना तो हळू आवाजात म्हणाला, "सांगायची काय गरज होती?"

"ती माझी मावशी आहे."

"ते मला माहीत आहे."

"मग तुम्ही का नाही आलात?"

"पाया कशाला पडायचं? नुसतं हसली असतीस तरी चाललं असतं. तिलाही कळलं असतं." मग किल्ली लॅचमध्ये तशीच ठेवून तो म्हणाला, "मी काय काय करून इथवर आलोय, तुला नाही कळायचं."

मला ते कळत होतं. अंगणात पावसात ठेवलेली ट्रंक मला कळत होती. पण ज्यांनी ट्रंक बाहेर ठेवली होती त्यांच्यावर तो कधी चिडला नव्हता. चिडला तो माझ्यावर.

सकाळी तो कामावर गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक होतं ती तिथं हाय," ती म्हणाली.

"मग काल बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू गेली नसतीस. नाय तर गेली असतीस आन तोंड फिरवून बसली असतीस." तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्यातलं काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं."

त्यानंतर जे झालं त्याला कोणी नाव ठेवू शकणार नाही, इतकं ते सभ्यपणे झालं. वहिनीकडे विरजण मागायला गेले तर ती म्हणाली, "अगं बाई, आजच संपलं." त्यानंतर तिच्या घरी दही कायम संपलेलंच असायचं. तिची मुलगी आधी शिकवणीला जायला लागली, मग नाचाच्या क्लासला. माझी मुलगी समोरच्या दारापुढे उभी राहून हाक मारायची आणि परत यायची. संक्रांतीला वहिनीने बोलावलं नाही. वाण मात्र मोलकरणीच्या हाती न चुकता आलं. कारखान्यात नवऱ्याला बढती मिळाली ती त्याच्या कामाने आणि वेळेवर. तेव्हा दोघातिघांनी चहा पिताना त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "त्यांना काय, मिळणारच." हे त्याने मला एकदाच सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे असं बघत होता, जणू ते वाक्य मीच बोलले होते.

मावशीचं मला उन्हाळ्यात कळलं. तिला बंगल्यावरून काढलं होतं. काढलं असंही कोणी म्हटलं नाही. साहेब लोक येतात तेव्हा येऊ नको, एवढंच सांगितलं, आणि बंगल्यावर काम असायचं ते साहेब लोक आल्यावरच. ती दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला जायला लागली. मी तिला भेटायला गेले. ती बांधावर बसून वेलींच्या छाटणीची कात्री पुसत होती. औषध फवारलेल्या पानांचा वास तिच्या लुगड्याला येत होता.

"माझ्यामुळं झालं का हे?" मी विचारलं.

"मग कुनामुळं?" ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बांधावर बसले.

"तू पाया पडलीस. तुला वाटलं मावशीला मोठं केलं," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. "मला मोठं नव्हतं व्हायचं. मला सावलीतलं काम होतं ते ऱ्हायला पायजे होतं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या संध्याकाळी मी दुसरं काही करायला हवं होतं, असंही मला वाटत नाही. ज्यांच्यामुळे ते झालं त्यांच्यातलं कोणीच त्या बांधावर नव्हतं. तिथे आम्ही दोघीच होतो, म्हणून आम्ही एकमेकींनाच जबाबदार धरत होतो. पुढे ती माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला लागली, पण माझ्या घरी राहायला ती कधी आली नाही. कॉलनीत यायला नको वाटतं, म्हणायची.

पुढच्या थंडीत कार्ड आलं ते नवऱ्याने खिशातच ठेवलं. धुवायला टाकताना शर्टात मला सापडलं.

"मी एकटाच जातो," तो म्हणाला. "तुला बरं नाही म्हणून सांगतो."

"मला काय झालंय?"

"काहीतरी सांगतो."

तो बिस्किटी सफारी घालून गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही गेला, आणि त्याच्याही पुढच्या. सफारी घट्ट झाली तेव्हा त्याने नवी शिवून घेतली. दरवर्षी मला बरं नसायचं. मी तर रोज शाळेत जात होते, साठ मुलांचा वर्ग घेत होते, सायकल शिकले होते. कॉलनीतल्या लोकांना मी सायकलवरून जाताना दिसायचे, तरी थंडी आली की कारखान्यात मी आजारी पडायचे, आणि कोणाला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. सगळ्यांच्याच ते सोयीचं होतं.

माझ्या आजाराचं नाव मला कळलं ते गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या काठावरच्या, बुधवारच्या बाजारात. मी मेथीच्या जुड्या निवडत होते. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला. मॅडम होत्या. आता त्यांचे केस बरेच पिकले होते.

"कशा आहात?" त्या म्हणाल्या. "दमा कसा आहे आता?"

"कोणाचा?"

"तुमचा. तुमचे साहेब म्हणाले मागे, फार त्रास होतो थंडीत. पाण्याजवळचा वारा चालत नाही म्हणून." त्या खरोखर काळजीने बोलत होत्या. "आम्हाला फार वाईट वाटतं हो. दरवर्षी आठवण काढतो तुमची."

"मला दमा नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. "म्हणजे बरा झाला," त्या म्हणाल्या. "छान. जपा हं." आणि पुढच्या दुकानाकडे गेल्या. त्यांना समजलं होतं, एवढं नक्की. समजल्याचं न दाखवणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, तो ओशाळेल किंवा निदान चिडेल. तो वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते घडी करून खाली ठेवलं. तेव्हा तो बराच वरच्या जागेवर गेलेला होता, आणि बिनबाह्यांच्या ब्लाउजवरून माझ्याशी अबोला धरणारा माणूस आता राहिला नव्हता. थकलेला दिसत होता.

"आता मी त्यांना काय सांगू?" तो म्हणाला.

"बरी झाले म्हणून सांगा."

"मग त्या विचारतील, या वर्षी येणार का."

"येईन की. विचारा म्हणावं."

"काय नेसशील?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांनी त्याच्या मनात पहिल्यांदा तेच आलं.

"माझ्या मनाला येईल ते."

त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते मला कळलं नाही. डिसेंबरात कार्ड आलं असणार, कारण एका शनिवारी दुपारी त्याने बूट पॉलिश केले. तो मला काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मुलगी आतून म्हणाली, "बाबा कुठे गेले?" मी म्हटलं, "जेवायला." तिने दोन ताटं घेतली आणि आम्ही वरण-भात वाढून घेतला.